शेवटच्या गाडीपासून मागे मोजा

कोकणातल्या तालुक्याच्या कॉलेजात स्नेहसंमेलनाची पहिली मीटिंग भरली की पाहुणे कोण, थीम काय, साउंड कोणाचा, यावर तासभर जातो. ज्या प्रश्नावर सगळा दिवस उभा राहणार असतो तो बहुधा शेवटी निघतो, किंवा निघतच नाही. आपल्या मुलांची शेवटची एसटी किती वाजता सुटते?

मोठ्या शहरात कार्यक्रम लांबला तर लोक कंटाळतात, एवढंच. इथे तो अर्धा तास लांबला तर तीस-चाळीस मुलं स्टँडवर अडकतात. त्याहून जास्त वेळा असं होतं की अडकायला नको म्हणून ती दुपारीच उठून जातात, आणि बक्षिसाला नाव पुकारलं की स्टेजवर कोणी येत नाही. सर्वात वाईट म्हणजे ती सरावालाच येत नाहीत. वर्षभर एका बाकावर बसणाऱ्या मुलीला गाता येतं हे वर्गाला कळत नाही, कारण सराव सव्वापाचला सुरू होतो आणि तिची गाडी पाच दहाची असते.

मंडणगड असो, गुहागर, राजापूर, देवगड की वेंगुर्ला, गणित सगळीकडे सारखंच आहे. पुढचं सगळं कल्चरल कमिटीतल्या आणि एनएसएसमधल्या (राष्ट्रीय सेवा योजनेतल्या) मुलांसाठी, आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या सर-मॅडमसाठी.

आधी वही

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक ओळ ठेवा. नाव, वर्ग, गाव, वाडी, कोणत्या फाट्यावर किंवा थांब्यावर उतरतो, तिथून घर किती मिनिटांवर, सकाळची गाडी, शेवटची गाडी. वाडीचा रकाना गाळू नका. आपल्याकडे एकाच गावाच्या वाड्या तीन-चार किलोमीटरवर पसरलेल्या असतात आणि गाडी मधल्या एका वाडीतच येते. ‘गाडी साडेसहाला पोचते’ एवढ्याने काही कळत नाही. त्यापुढे पाऊण तास पायवाट आणि वाटेत एक साकव (ओढ्यावरचा लहान पूल) असेल, तर डिसेंबरात ती मुलगी अंधारात चालणार आहे.

ही माहिती गोळा करायची उत्तम वेळ म्हणजे जूनअखेर ते जुलै, पासांचे फॉर्म भरले जातात तेव्हा. विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत असते आणि फॉर्मवर कॉलेजची सही-शिक्का लागतो, त्यामुळे एसटीने येणारा प्रत्येक जण ऑफिसच्या खिडकीशी येतोच. तिथे वर्गप्रतिनिधीला वही घेऊन बसवा. पास ठरलेल्या मार्गाचाच असतो हेही लिहून ठेवा. नेहमीची गाडी चुकली आणि दुसऱ्या वाटेच्या गाडीने जायची पाळी आली तर तिकीट काढावं लागतं, आणि सगळ्यांच्या खिशात तेवढे सुटे असतातच असं नाही.

वहीत एक खूण वेगळ्या शाईने करा: वस्तीची गाडी. संध्याकाळी स्टँडवरून सुटून गावात मुक्काम करणारी आणि पहाटे तीच परत येणारी गाडी. लांबच्या गावांना शेवटची गाडी हीच आणि पहिलीही हीच. त्या मुलांना कॉलेजात सकाळी सातलाच हजर व्हावं लागतं आणि वर्ग उघडायला वेळ असतो. ही अडचण पुढे कामाला येते, म्हणून खूण.

वेळापत्रक वर्षभर एकच राहत नाही. गणपतीत गाड्या मुंबईच्या वाटेला लागतात, निवडणूक आली की तिकडे वळतात, पावसात दरड आली की घाटातल्या फेऱ्या बंद. म्हणून कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी स्टँडवर वाहतूक नियंत्रकांना प्रत्यक्ष भेटून सगळ्या वेळा पुन्हा तपासा. मोबाईलवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नका, तो बहुधा मागच्या वर्षीचा असतो.

उलटी आकडेमोड

समजा वहीतली सर्वात आधी सुटणारी शेवटची गाडी साडेपाचची आहे. कॉलेजपासून स्टँड पंधरा मिनिटं. गर्दीत जागा मिळायला पंधरा मिनिटं आधी पोचायला हवं. म्हणजे पाचला गेटबाहेर. कपडे बदलणं, रंग पुसणं, बॅगा शोधणं, मैत्रिणीचा परकर परत देणं, यात वीस मिनिटं जातात. पडदा चार चाळीसला पडला पाहिजे. ही वेळ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून विंगेत चिकटवा.

आता पुढून मोजा. दहाला सुरुवात. उद्घाटनाला कागदावर अर्धा तास असतो, प्रत्यक्षात पंचावन्न मिनिटं जातात, कारण दीपप्रज्वलनाची वात वाऱ्याने विझते आणि सत्काराची यादी आयत्या वेळी वाढते. पंचावन्नच धरा. मग एकेका नृत्याला-गाण्याला पाच मिनिटं आणि मधल्या अदलाबदलीला दोन, म्हणजे सात. अकरा ते एकमध्ये सतरा आयटम बसतात. जेवण पाऊण तास. पावणेदोनला बक्षीस समारंभ, चाळीस मिनिटं. मग उरलेले सात आयटम, सव्वातीनपर्यंत. शेवटी एकांकिका: पस्तीस मिनिटं आणि नेपथ्य लावायला पंधरा. चार पाच झाले. पस्तीस मिनिटं हाताशी उरली, आणि तेवढी उरायलाच हवीत. लाईट जाते, पाहुणे उशिरा येतात, पेनड्राईव्ह चालत नाही. हे सगळं एकाच दिवशी होऊ शकतं.

बक्षीस समारंभ शेवटी ठेवायची पद्धत मोडा. तो जेवणानंतर लगेच घ्या, सगळे जागेवर असतात आणि पाहुणेही तोवर थांबतात. आयटमचा क्रम ठरवताना वही समोर ठेवा, लांबच्या गावची मुलं असलेले गट जेवणाआधी आणि शहरातले, हॉस्टेलवाले नंतर. एकांकिकेत लांबचा कोणी असेल तर त्याला त्या रात्री मित्राकडे राहू दे. मात्र ते आठवडाभर आधी ठरवा आणि घरी फोन सरांनी करा. मुलाने सांगितलेलं आणि सरांनी सांगितलेलं यात आईला फरक वाटतो, आणि तो रास्त आहे.

कार्यक्रम संध्याकाळीच करायचा असेल तर आगार व्यवस्थापकांना किमान पंधरा दिवस आधी पत्र द्या. कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीचं, आणि त्यात ‘विद्यार्थ्यांची गैरसोय होत आहे’ असं न लिहिता सरळ तक्ता द्या: अमुक मार्गावर २३ मुलं, अमुकवर १७, गाडी अमुक वाजता सोडावी. आकडे असले की नियोजन करणाऱ्याला काही तरी हातात मिळतं. फेरी उशिरा सोडणं शक्य नसेल तर प्रासंगिक करारावर, म्हणजे तेवढ्यापुरती भाड्याने, गाडी मिळते. किलोमीटरवर भाडं आणि आगाऊ रक्कम भरावी लागते, म्हणून तो खर्च मंडप-साउंडच्या आधी बजेटमध्ये लिहा. शेवटी उरलेल्या पैशातून गाडी करू म्हटलं तर पैसे उरत नाहीत.

आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, आणि दिवसासाठीही पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते.

सराव: मुलं गळतात ती इथे

दिवसाचं वेळापत्रक कितीही नीट बसवा, सराव कॉलेज सुटल्यावर ठेवला असेल तर स्टेजवर फक्त बाजारपेठेतली मुलं दिसणार. यावर उपाय एकच. स्नेहसंमेलनाआधीचे तीन आठवडे सराव दुपारी साडेबारा ते साडेतीनच्या पट्ट्यात बसवायचा. त्यासाठी प्राध्यापकांकडून प्रत्येक वर्गाचा एकेक तास मागून घ्या, रोज वेगळ्या विषयाचा, म्हणजे एकाच विषयाचं नुकसान होत नाही. आठ गट आणि तीन खोल्या असतील तर पाऊण तासाच्या पाळ्या करा आणि पाळ्यांचा कागद नोटीस बोर्डावर लावा. नुसतं व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून भागत नाही, अनेक वाड्यांत रेंज येते ती फक्त सड्यावर (कातळाच्या पठारावर).

वस्तीच्या गाडीने सातला येणाऱ्यांना सकाळचा दीड तास द्या. शिपाईमामांकडून एक खोली लवकर उघडून घ्यायची, बास. ज्या वेळेचा त्यांना त्रास होता तीच वेळ त्यांची होते.

महिनाही जपून निवडावा लागतो. जुलैत लावणी असते आणि घरचं मनुष्यबळ कमी असेल तर मुलं चिखलात असतात. मग गणपती. ऑक्टोबरात भातकापणी आणि पाठोपाठ सत्र परीक्षा. फाल्गुनात शिमगा, आणि पालखी घरी येणार असेल त्या दिवशी कोणी कॉलेजात येणार नाही, यावे अशी अपेक्षाही करू नये. नंतर काजू-आंबा. उरतात डिसेंबर आणि जानेवारी. सिंधुदुर्गात तेव्हा गावोगावच्या जत्रा असतात आणि रात्रभर दहीकाला (दशावतारी नाटक) चालतो, म्हणून तारीख ठरवण्याआधी परिसरातल्या आठ-दहा गावांच्या जत्रांच्या तारखा वहीत उतरवून घ्या. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ठेवलेल्या संमेलनात अर्धी मुलं झोपेत असतात.

विद्यापीठाच्या युवा महोत्सवाचं मात्र काही आपल्या हातात नाही. प्राथमिक फेरीची तयारी लावणीच्या दिवसांतच येते. तिथे मोठे गट उभे करण्याच्या हट्टापेक्षा एकपात्री, कथाकथन, वक्तृत्व, रांगोळी, मातीकाम, व्यंगचित्र यांवर भर द्यावा, कारण त्यांचा सराव एकट्याने घरी होतो. वेळेची मर्यादा परिपत्रकातून शब्दशः वाचा आणि त्यापेक्षा अर्धा मिनिट कमीचं बसवा. मूकनाट्य आणि प्रहसनात हशा-टाळ्यांनी वेळ वाढतो, आणि खोलीतल्या सरावात तो मोजला जात नाही.

नमन, जाखडी, दशावतार

लांबच्या वाड्यांतल्या मुलांना वर आणायचा आग्रह केवळ न्यायासाठी नाही. कोकणातल्या कॉलेजला जे इतर कोणाकडे नाही ते याच मुलांकडे आहे: इथल्या लोककला. घरात मृदंग आहे, काका गणाला उभे राहतात, भावाने गौळणीत राधा केली आहे. दर वर्षी त्याच चार सिनेगीतांवर नाचण्यापेक्षा वीस मिनिटांचं नमन हजार पट चांगलं. पण रात्रभर चालणारा खेळ वीस मिनिटांत बसवणं हे कौशल्याचं काम आहे.

नमनात गण तीन मिनिटं, गौळण सहा, एखादं सोंग चार, आणि वगातला एकच प्रवेश सात मिनिटं. सगळं थोडं थोडं घ्यायला गेलात तर काहीच रंगत नाही. जाखडीत, म्हणजे गोल फिरत केलेल्या नाच-गाण्यात, सवाल-जवाब ठेवायचे असतील तर शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन गट खरोखर वेगळे करा आणि एकमेकांचे सवाल आधी ऐकू देऊ नका. दशावतारात संवाद लिहून पाठ करून घेऊ नका. ती कला उत्स्फूर्त बोलण्यावर उभी आहे, पाठांतराने ती मरते. आख्यानातला एक प्रसंग ठरवा, कोणी कोणत्या मुद्द्यावर थांबायचं ते ठरवा आणि मुलांना बोलू द्या. गावातल्या जाणत्या कलाकाराला दोन वेळा सरावाला बोलवा आणि जाण्यायेण्याचं भाडं व मानधन आधी बाजूला काढा.

रंग चढायला तास-दीड तास लागतो, उतरायला खोबरेल तेल लावून वीस मिनिटं. हा वेळ न धरता त्या गटाला अकराचा क्रमांक दिला तर सगळा कार्यक्रम त्यांच्यासाठी खोळंबतो. इथे वस्तीची गाडी पुन्हा उपयोगी पडते. ही मुलं सातला आलेली असतात. आठला रंगायला बसवा, उद्घाटन संपेपर्यंत ती तयार असतात. पहिला आयटम त्यांचाच ठेवा. पाहुणेही तेव्हा समोर असतात.

स्टेज, आवाज, वीज

उघड्या मैदानावर स्टेजचं तोंड शक्यतो उत्तरेकडे करा. दुपारनंतर समुद्राकडून, पश्चिमेकडून, वारा सुटतो. स्टेज पश्चिमेला उघडं असेल तर कलाकाराच्या डोळ्यांत ऊन आणि माइकमध्ये वाऱ्याची घरघर. पश्चिमेच्या बाजूला कनात लावा आणि माइकवर स्पंजची टोपी घाला. पाठीमागच्या बॅनरला हाताएवढ्या आठ-दहा फटी पाडा, नाहीतर शिडासारखा फुगून तो बांबूसकट पुढे येतो.

लोकनृत्याचा आवाज नेहमी एकाच कारणाने फसतो. माइक गाणाऱ्याला दिला जातो आणि मृदंग, टाळ, झांज तशीच राहतात. मृदंगाला बुटक्या स्टँडवर वायरचा एक माइक, गाणाऱ्यांना एक, आणि टाळकऱ्यांना माइकपासून दोन हात लांब बसवा, ते आपोआप ऐकू येतात. जाखडीत वादक वर्तुळाच्या मध्यभागी बसतात, म्हणून वायर जमिनीला चिकटपट्टीने बसवून घ्या. नाचणाऱ्याचा पाय अडकला तर पडतो तो, आणि माइकही. शिट्टी वाजायला लागली की आवाज कमी करण्याआधी माइक स्पीकरच्या पुढे आलाय का ते पाहा. कॉर्डलेस माइकचे सेल जेवणाच्या सुट्टीत न विचारता बदला.

गाण्यांच्या फाइलना क्रमांक द्या: ०१, ०२, ०३, मग गटाचं नाव. दोन पेनड्राईव्ह ठेवा. गाणं फोनवरून लावायची वेळ आलीच तर फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर नाचाच्या मध्येच रिंगटोन वाजते.

जनरेटर घेताना बेरीज करा. एक हजार वॅटचे चार दिवे म्हणजे ४ किलोवॅट, साउंड २, दहा पंखे पाऊण, किरकोळ पाव. एकूण ७. १० केव्हीएचा जनरेटर साधारण ८ किलोवॅट देतो, म्हणजे बेताचा आहे, त्यावर चहाची इलेक्ट्रिक किटली लावू नका. आणि अर्थिंग. आपली बरीच कॉलेजं सड्यावर, कातळावर आहेत. तिथे सळई दोन वीत जाते आणि थांबते, डिसेंबरात जांभा कोरडा असतो, आणि नुसती टेकवलेली सळई म्हणजे अर्थिंग नव्हे. परवानाधारक वायरमनकडून मातीची खोल जागा शोधून घ्या, तिथे पाणी ओता, आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय माइक हातात देऊ नका. अनवाणी नाचणारी मुलं आणि लोखंडी स्टेज एकत्र असतात तेव्हा यात तडजोड नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात. वस्तीच्या गाडीची मुलं पहाटे पाचला घरून निघालेली असतात आणि स्टेजवर चक्कर येते ती उपाशीपोटी. भाग घेणाऱ्यांना साडेआठला कांदेपोहे द्या. एक किलो पोह्यांत बारा-तेरा बशा होतात, सव्वाशे मुलांना दहा किलो. दुपारी मसालेभात, माणशी शंभर ग्रॅम तांदूळ. सोलकढी करू नका. नारळाचं दूध उन्हात दुपारपर्यंत आंबतं. त्याऐवजी आगळाचं कोकम सरबत.

शिबिरातला बंधारा

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ला गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. कोकणात या शिबिराचं सर्वात उपयोगी काम म्हणजे वनराई बंधारा (मातीने भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध), आणि सर्वात जास्त वाया जाणारं कामही तेच. उद्घाटनाच्या फोटोत तुंबलेलं पाणी दिसतं आणि पंधरा दिवसांनी खालून गेलेलं असतं.

पहिली गोष्ट संमतीची. पऱ्याच्या (ओढ्याच्या) दोन्ही काठांची जमीन कोणाची हे विचारा. सातबाऱ्यावर दहा-बारा नावं आणि त्यातली निम्मी मुंबईत, हे आपल्याकडे नेहमीचं. ग्रामपंचायतीचं पत्र घ्या, गावात राहणाऱ्या हिस्सेदारांशी बोला, मुंबईकरांना फोन लावा. बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला ज्यांचा पाट, विहीर किंवा पंप आहे त्यांना तर आधी विचारा. पाणी त्यांचं कमी होणार आहे.

दहा मीटर रुंद पात्र आणि मध्ये एक मीटर उंची असेल तर सिमेंटच्या ३०० रिकाम्या गोण्या लागतात, वर तीस जास्त घ्या, फाटक्या निघतात. नोव्हेंबरातच बांधकामांवर सांगून ठेवा. दाभण आणि सुतळी, दहा फावडी, दहा घमेली, चार टिकाव, दोन पहारी, आणि दहा बाय अडीच मीटरचा जाड प्लास्टिकचा कागद.

पहिली सकाळ फक्त पाया. पाणी एका कडेने चर काढून वळवा आणि पात्रातली वाळू-गोटे कातळ किंवा घट्ट तळ लागेपर्यंत काढा, किमान एक फूट. याच कामाला मुलं कंटाळतात, कारण त्यात काही उभं राहिलेलं दिसत नाही. पण वाळूवर रचलेल्या गोण्यांखालून पाणी वाट काढतं आणि एकदा वाट पडली की वरून कितीही माती टाका, थांबत नाही. दोन्ही काठांत दीड-दीड फूट आत खाच घ्या, नाहीतर पाणी बाजूने वळसा घालतं.

दुसरी सकाळ भरणं. तिघांचा गट: एक तोंड धरणारा, दोन भरणारे. गोणी पाऊण भरा, गच्च नको. गच्च गोणी नारळासारखी गोल होते, दोन गोण्यांत फट राहते आणि ती उचलताना कंबर जाते. भरायला नुसती वाळू चालत नाही, पाणी झिरपतं. पात्रातला गाळ आणि लाल माती मिसळा. माती बंधाऱ्यालगतच्या काठातून खणू नका, तो काठच पुढे ढासळतो. लांब माळेने गोण्या हातोहात पोचवा, पाठीवरून नको.

तिसरी सकाळ रचणं. विटांसारखे सांधे मोडून, शिवलेलं तोंड खालच्या गोणीखाली दुमडलेलं, प्रत्येक थरावर पायाने चोप देऊन. तळाला तीन गोण्यांची रुंदी, वर दीड. पाण्याच्या बाजूने प्लास्टिक लावा आणि त्याची खालची कड तळाच्या गोणीखाली दाबून त्यावर चिखल लिंपा. माथ्यावर मधला दीड-दोन मीटरचा भाग एका गोणीने खाली ठेवा. जास्तीचं पाणी तिथूनच पडलं पाहिजे, काठावरून नाही. ते जिथे पडेल तिथे मोठे गोटे टाका.

शिबिर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या. जानेवारीत अनेक पऱ्यांचा प्रवाह करंगळीएवढा उरतो आणि मग अडवायला काही नसतं.

जांभ्याचे दगड हाताने उचलू नका. खाली फुरसं किंवा विंचू असतो. आधी पहारीने दगड उलटायचा, मग हात लावायचा, आणि हातमोजे घालूनच. शाळेच्या खोलीत जमिनीवर झोपताना मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा. मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा दंश अनेकदा कळतही नाही. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे हे शिबिराआधी फोन करून विचारा आणि त्याचा नंबर १०८च्या शेजारी भिंतीवर लिहा. पन्नास मुलांना अंघोळ आणि संडासासाठी रोज दीड हजार लिटर पाणी लागतं. गावाच्या टाकीवर एवढा भार पडणार हे सरपंचांना आधी सांगा.

किनारा आणि त्या गोण्या

किनारा सफाईचा आंतरराष्ट्रीय दिवस सप्टेंबरचा तिसरा शनिवार असतो. फोटोसाठी तो ठीक आहे, पण समुद्र शनिवार पाहत नाही. दिवस तिथीवरून ठरवा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा तास इकडेतिकडे. भरतीच्या सव्वासहा तास आधी ओहोटी. म्हणजे तृतीया-चतुर्थीला सकाळी आठ ते पावणेनऊला सुकती लागते. सातला सुरू करा, दहाला ऊन चढायच्या आत संपतं. अष्टमी-नवमी धरलीत तर सकाळी पाणी पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) आणि ओहोटी ऐन दुपारी.

कचरा कुठे जाणार हे आधी ठरवा. ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर त्याच दिवशी दुपारपर्यंत हवा. भरलेल्या गोण्या किनाऱ्यावर राहिल्या तर पुढचं उधाण त्या परत घेऊन जातं. वाळूत रुतलेली जाळी ओढू नका, कोयत्याने वरचेवर कापा. काच, ट्यूबलाइट, सुया चिमट्याने उचलून वेगळ्या बादलीत. डांबरगोळे बाकीच्या कचऱ्यात मिसळू नका, पायाला लागलेलं डांबर खोबरेलाने निघतं. वेळास, आंजर्ले, गुहागरसारख्या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालतात. त्या महिन्यांत पुळणीवर खणणं नाही, ट्रॅक्टर नाही, रात्री दिवे नाहीत.

सफाईत गोळा झालेल्या गोष्टी मोजताना सिमेंटच्या गोण्यांचा रकाना वेगळा ठेवा. पऱ्यात राहिलेला बंधारा पहिल्या मोठ्या पावसात फुटतो, माती वाहते, आणि उन्हाने कुजलेल्या गोण्यांच्या चिंध्या नदीतून खाडीत आणि खाडीतून किनाऱ्यावर येतात. डिसेंबरात एनएसएसने रचलेल्या गोण्याच सप्टेंबरात एनएसएस गोळा करत असतं. हे टाळता येतं. बंधारा मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाणी आटलेलं असताना उलगडायचा. गोण्या कापून माती काठावर पसरायची, गोण्या आणि प्लास्टिक मोजून बांधायचं. पाच-सहा जणांचं एका सकाळचं काम. अडचण एवढीच की मेमध्ये कॉलेज बंद असतं आणि शिबिरातली मुलं आपापल्या घरी, आंब्याच्या कामात. म्हणून शिबिराच्या शेवटच्या रात्री वही पुन्हा काढा, त्या गावात आणि शेजारच्या वाडीत राहणाऱ्या स्वयंसेवकांची नावं शोधा, त्यांच्यापुढे तारीख लिहा, आणि रचताना किती गोण्या लागल्या तो आकडा त्यांच्याकडे द्या. काढताना तेवढ्याच भरल्या पाहिजेत. या कामाचे तास त्यांच्या १२० तासांत धरा.